पन्हळ कुणी साफ करायची?

कोकणात घर बांधायला दोन-तीन वर्षं लागतात आणि राखायला दोन-तीन पिढ्या. बांधणाऱ्याचं नाव दारावरच्या पाटीवर राहतं, राखणाऱ्याचं कुठेच लिहिलेलं नसतं. आमच्या भागात, म्हणजे रायगड जिल्ह्याच्या दक्षिण किनाऱ्याला, बहुतेक घरांतलं कुणी ना कुणी जहाजावर, कुवेत-कतारला, नाहीतर निदान मुंबई-मुंब्र्याला असतं. घरं त्यांच्याच मेहनतीच्या पैशांतून उभी राहिली. पण त्या घरांत बारा महिने राहतात त्या बायका, म्हातारी माणसं आणि शाळेत जाणारी मुलं. त्यामुळे घराच्या देखभालीचं कुठलंही काम निघालं की आमच्याकडे पहिला प्रश्न येतो तो "हे करणार कोण?" आणि बहुतेक वेळा उत्तर मिळतं, "ते सुट्टीवर आले की बघू."

या उत्तराने ज्या कामाचं सर्वांत जास्त नुकसान केलं आहे, ते काम अगदी साधं आहे. पावसाळ्याआधी छपराच्या पन्हळी साफ करणं. अर्ध्या दिवसाचं काम. एक शिडी, एक खुरपं, एक घमेलं, दोन बादल्या पाणी आणि दोन माणसं. पण ते वेळेवर झालं नाही तर काय होतं, हे मी आमच्याच घरात पाहिलं आहे.

मी माध्यमिक शाळेत उर्दू आणि मराठी शिकवते. दोन्ही भाषांत या वस्तूला छान शब्द आहेत. मराठीत पन्हळ, उर्दूत परनाला. छपराची कड जिथे भिंतीबाहेर येते ती वळचण, आणि वळचणीवरून थेंबांची जी रांग लागते त्या पागोळ्या. मराठीत एक म्हणही आहे, 'वळचणीचं पाणी आढ्याला जात नाही.' म्हणजे खालचं पाणी वर चढत नाही, अशक्य ते घडत नाही. मुलांना ही म्हण शिकवताना मी आता एक गोष्ट जोडते. पन्हळ तुंबली की वळचणीचं पाणी आढ्यापर्यंत नाही, पण चार बोटं वर नक्की चढतं. आणि घर नासायला चार बोटं पुरेशी असतात.

ते कसं, ते नीट समजून घ्यायला हवं. पाऊस कौलांवरून किंवा पत्र्यावरून घसरत पन्हळीत येतो आणि पन्हळीच्या उताराने पाइपातून खाली जातो. पन्हळीत पानं साचली की ती पहिल्या पावसात भिजून चिकटतात. त्यावर धूळ, शेवाळ, कौलांचे तुकडे, नारळाच्या पिसाऱ्या, पाखरांच्या घरट्यातलं गवत बसतं आणि एक ओली गादीच तयार होते. मग पाण्याला दोनच वाटा उरतात. पुढच्या काठावरून ओसंडलं तर अंगणात पडतं, भिंतीच्या पायाशी शिंतोडे उडवतं आणि जोत्याची माती उकरतं. मागच्या काठावरून गेलं तर ते शेवटच्या कौलाखाली शिरतं. तिथे वाशांची टोकं असतात आणि त्याखाली भिंतीचा माथा. आमच्याकडे भिंती जांभ्याच्या. जांभा दगड सच्छिद्र, पाणी पिणारा. जुन्या घरांत दोन चिऱ्यांमध्ये सिमेंट नसून माती किंवा चुना असतो. माथ्यावरून पाणी आत शिरलं की ते भिंतीच्या पोटातून खाली उतरत राहतं. गिलावा फुगतो, चुना पावडरीसारखा झडतो, लाकूड कुजतं आणि ओल्या लाकडाच्या वासाने वाळवी येते.

यात किती पाणी असतं, याचा हिशेब मी एकदा सातवीच्या मुलांकडून करून घेतला. एक चौरस मीटर जागेवर एक मिलिमीटर पाऊस पडला की ते बरोबर एक लिटर पाणी होतं. हजार चौरस फुटांचं छप्पर म्हणजे साधारण 93 चौरस मीटर. कोकणात एका दिवसात 100 मिलिमीटर पाऊस ही नवलाची गोष्ट नाही. म्हणजे त्या एका दिवसात एका मध्यम घराच्या छपरावर 9,300 लिटर पाणी पडतं. जवळजवळ एक मोठा टँकर. पुढे मुलांनी आपणहून 26 जुलै 2005 चा आकडा घेतला. त्या दिवशी मुंबईत सांताक्रूझला 24 तासांत 944 मिलिमीटर पाऊस झाला होता. गुणाकार करून एक मुलगी म्हणाली, "मॅडम, 87 हजार लिटरच्या वर! एवढं पाणी ती पन्हळ नेते?" मी म्हटलं, "मोकळी असेल तर बरंचसं नेते. नसेल तर तेच पाणी तुझ्या भिंतीला द्यावं लागतं."

आता आमच्या घराची गोष्ट. माझे सासरे आणि त्यांचे धाकटे भाऊ यांनी शेजारी शेजारी दोन घरं बांधली. दोन्हींची आढी वेगळी, पण मधली भिंत एक. आमच्या छपराची एक उतरण आणि त्यांच्या छपराची एक उतरण या भिंतीवर येऊन मिळतात आणि तिथे दोन्ही छपरांच्या मध्ये एक लांब, खोल पन्हळ आहे. अर्धं आमचं पाणी, अर्धं त्यांचं. म्हणजे वरचा हिशेब लावला तर एका पूर्ण छपराचं पाणी त्या एकाच पन्हळीतून जातं. अंगणातून ती दिसत नाही. शिडी लावूनही दिसत नाही. कौलांवरून चढूनच तिथे जावं लागतं.

ही मधली पन्हळ कुणी साफ करायची, हे दोघा भावांमध्ये कधी ठरलंच नव्हतं. ठरवायची गरजही नव्हती. दोघं गावात होते, मे महिन्यात एकत्र शाकारणी व्हायची, फुटकी कौलं बदलली जायची आणि त्याच दिवशी पन्हळही निघायची. पुढे दोघंही अल्लाहला प्यारे झाले. माझे पती कतारला. चुलत दीर काही वर्षं गावात होते तेव्हा ते करून घेत. मग मुलांच्या शिक्षणासाठी ते मुंब्र्याला गेले, त्यांच्या घराला कुलूप लागलं आणि पन्हळ तिथेच राहिली.

तीन वर्षांपूर्वीच्या जुलै महिन्यात माझ्या सासूबाईंना, आम्ही सगळे त्यांना अम्मी म्हणतो, मधल्या खोलीचा दिवा लावताना बटणाचा झटका बसला. हात आखडला आणि त्या मागे पलंगावर पडल्या. अल्लाहची मेहरबानी की बोटांना मुंग्या येण्यापलीकडे काही झालं नाही. वायरमनला बोलावलं. त्याने बोर्ड उघडला तर आत पाण्याचे थेंब. मेन स्विच बंद करून तो म्हणाला, "भाभी, बोर्ड बदलून काही होणार नाही. भिंतच ओली आहे." गवंड्याला बोलावलं. त्याने गिलाव्यावर टकटक केलं, तो पोकळ वाजला. तो म्हणाला, गिलावा नव्याने करू, वॉटरप्रूफ रंग लावू. खर्चाचा आकडाही सांगितला. रंग लावला असता तर तोही पुढच्या पावसात फुगला असता, कारण पाणी जिथे दिसत होतं तिथून ते आलेलंच नव्हतं.

त्याच भिंतीत एक फडताळ आहे. सासऱ्यांचे कागद त्यात होते. घराची कागदपत्रं, जुन्या पावत्या, निकाहनाम्याची प्रत आणि त्यांच्या धाकट्या भावाने जहाजावरून पाठवलेली उर्दू पत्रं. निळ्या शाईची. ती उघडली तर तीन-चार पत्रांच्या घड्या एकमेकींना चिकटल्या होत्या आणि शाई पसरून कागद नुसता निळा झाला होता. मी उर्दूची शिक्षिका, लोकांची जुनी पत्रं वाचून द्यायला मला बोलावतात. आमच्याच घरातली ती चार पत्रं आता कुणालाच वाचता येणार नाहीत. त्यात दोन भावांनी एकमेकांना काय लिहिलं होतं, ते मधल्या पन्हळीच्या पाण्याने पुसलं.

शेवटी आमच्याकडे वर्षानुवर्षं शाकारणी करणारे एक म्हातारे मिस्त्री आले. आम्ही त्यांना चाचा म्हणतो. दोन दिवस पाऊस थांबायची वाट पाहिली आणि कौलं वाळल्यावर ते वर गेले. थोड्या वेळाने वरून घमेली खाली येऊ लागली. सात घमेली निघाली. आंब्याची पानं कुजून काळी माती झाली होती आणि त्यात हातभर वाढलेलं पिंपळाचं रोप होतं. पाखरांच्या विष्ठेतून बी आलं असणार. त्याची मुळं पन्हळीच्या सांध्यातून भिंतीच्या माथ्यात गेली होती. चाचांनी ते मुळासकट काढलं आणि मग वरूनच ओरडून बादलीभर पाणी मागितलं. ते पन्हळीत ओतल्यावर खालच्या पाइपातून आधी काळं, मग गढूळ आणि मग स्वच्छ पाणी आलं. त्या रात्री मोठा पाऊस झाला. भिंत ओलीच होती, पण तिच्यात नवं पाणी आलं नाही. ती पूर्ण वाळायला दिवाळी उजाडली.

खरा त्रास त्यानंतर सुरू झाला. खर्च कुणी द्यायचा? माझ्या पतींनी कतारहून चुलत भावाला फोन केला. ते म्हणाले, "आमचं घर बंद आहे, पाण्याचा त्रास तुम्हाला आहे. आणि पानं तुमच्या आंब्याची आहेत." पती म्हणाले, "आंबे मुंब्र्याला पोचतात तेव्हा झाड दोघांचं असतं." यात विनोद होता, पण हसलं कुणी नाही. बोलणं बंद झालं. लहानपणी एका ताटात जेवलेले दोन भाऊ एका पन्हळीवरून फोन उचलेनात.

उर्दू-हिंदीत एक म्हण आहे, 'पंचों का कहना सर आँखों पर, मगर परनाला यहीं गिरेगा।' पंच सांगतील ते शिरसावंद्य, पण माझी पन्हळ इथेच पडणार. ही म्हण जन्माला आली याचाच अर्थ छपराच्या पाण्यावरून शेजारी फार पूर्वीपासून भांडत आले आहेत. आपल्या इतिहासातही परनाल्याचा एक वाकिआ सांगितला जातो. हजरत उमर (रजि.) खलीफा असताना मशिदीकडे निघाले होते आणि वाटेत हजरत अब्बास (रजि.) यांच्या घराच्या परनाल्याचं पाणी त्यांच्या कपड्यांवर पडलं. वाटेवर पाणी पडतं म्हणून त्यांनी तो परनाला काढायला लावला. हजरत अब्बास यांनी सांगितलं की तो तिथे खुद्द पैगंबर (स.) यांनी बसवला होता. तेव्हा हजरत उमर यांनी त्यांना आपल्या पाठीवर उभं राहून तो होता तिथे परत बसवायला सांगितलं. मला या वाकिआत दोन गोष्टी दिसतात. छपराचं पाणी दुसऱ्याच्या अंगावर पडणं ही बाब खलीफानेही किरकोळ मानली नाही. आणि समोरच्याची बाजू ऐकल्यावर मागे येण्यात त्यांना कमीपणा वाटला नाही. मक्केत काबागृहाच्या छपरालाही पन्हळ आहे, मीजाब-ए-रहमत. हज-उमरा करून आलेल्यांनी ती पाहिली आहे. अल्लाहच्या घराच्या छपरावरही पाऊस पडतो आणि त्याला वाट करून द्यावी लागते. मग आपली घरं त्यातून कशी सुटतील?

आमच्या घरात मार्ग काढला तो अम्मींनी. त्यांनी ना कतारला समजावलं, ना मुंब्र्याला. बकरी ईदला दोन्ही घरची माणसं जमतात, तेव्हा मध्ये बसून त्या एवढंच म्हणाल्या, "भांडण पावसाळा संपल्यावर करा. दसऱ्यानंतर मोकळा वेळ असतो. पाणी मात्र जूनमध्ये येतं, त्याला थांबता येत नाही." मग मला म्हणाल्या, "वही आण."

त्या वहीत चार ओळी लिहिल्या. सम साल आमचं, विषम साल त्यांचं. खर्च निम्मा-निम्मा. पन्हळीवर येणाऱ्या आंब्याच्या फांद्या दर वर्षी छाटायच्या, तो खर्च आमचा. आणि काम 15 मेच्या आत. तारखेवरून थोडी घासाघीस झाली. चुलत दिरांचं म्हणणं, मृग 7 जूनला लागतो, एवढी घाई कशाला? अम्मी म्हणाल्या, पाऊस पंचांग वाचून येत नाही.

याची परीक्षा 2025 साली झाली. ते विषम साल, म्हणजे पाळी त्यांची. बकरी ईद होती 7 जूनला, नेमकी मृगाच्या दिवशी. चुलत दिरांचा बेत होता की ईदसाठी गावी येऊ तेव्हा काम करून घेऊ. मी फोन केला, "भाई, वहीत 15 मे लिहिलंय." ते थोडे कुरकुरले. पण त्यांनी चाचांना फोन लावला, मोबाइलवरून पैसे पाठवले आणि 14 मेला पन्हळ साफ झाली. त्या वर्षी मान्सून 25 मेला तळकोकणात आणि 26 मेला मुंबईत दाखल झाला. ईदला ते आले तेव्हा चांगलाच पाऊस झाला होता. घरात शिरल्यावर त्यांनी आपल्या बाजूच्या भिंतीवरून हात फिरवला. बोलले काही नाहीत. आंबा मुळातून तोडावा असं त्यांचं म्हणणं आजही आहे आणि आमचं तोडायचं नाही असं आहे. तो वाद चालूच राहील. पण दोघं भाऊ आता एकमेकांचा फोन उचलतात.

या तीन वर्षांत मी जे शिकले ते वाचकांच्या, विशेषतः घर एकहाती सांभाळणाऱ्या माझ्या बहिणींच्या उपयोगी पडेल म्हणून सांगते.

पन्हळ वर्षातून एकदा साफ करून भागत नाही. मोठी सफाई मेच्या पहिल्या पंधरवड्यात. त्यानंतर पहिल्या दोन-तीन मोठ्या सरींनी छपरावरची सगळी धूळ-पानं धुऊन पन्हळीत आणलेली असतात, म्हणून जूनअखेर उघडीप मिळाली की एक नजर. तिसरी वेळ श्रावणातल्या ऊन-पावसात. आणि शेवटची दिवाळीनंतर, म्हणजे ओला गाळ आठ महिने पत्र्याला चिकटून तो गंजत नाही. शेजारी आंबा, फणस किंवा माड असेल तर यातली एकही वेळ चुकवू नये.

साफ करताना पाइपाच्या तोंडापासून सुरुवात करावी, पण कचरा पाइपात ढकलू नये. हाताने किंवा खुरप्याने घमेल्यात घ्यावा. जाड हातमोजे हवेतच. पानांखाली विंचू असतात आणि वळचणीला गांधीलमाश्यांची पोळी. सगळं निघालं की पाइपापासून लांबच्या टोकाला बादलीभर पाणी ओतावं. पाणी सरळ वाहत गेलं तर उतार बरोबर. मध्येच डबकं राहिलं तर तिथला क्लॅम्प सैल झाला आहे किंवा पन्हळ वाकली आहे. दहा फुटांना अर्धा ते पाऊण इंच उतार पुरतो. खाली उभ्या माणसाने सांधे बघावेत, गळका सांधा तेव्हाच दिसतो. पाइपाच्या तोंडावर जाळी बसवली तर पानं आत जात नाहीत, पण जाळीवर साचलेली पानं काढावीच लागतात. जाळी लावली म्हणजे काम संपलं, असं होत नाही.

पाइपाचं खालचं टोक कुठे सुटतं तेही पाहावं. भिंतीच्या मुळाशीच पाणी सुटत असेल तर वरची सगळी मेहनत वाया. ते गटारापर्यंत किंवा निदान अंगणाच्या उतारापर्यंत न्यावं, आणि शेजाऱ्याच्या जोत्याकडे कधीही वळवू नये.

पन्हळीत साचलेल्या पाण्याचा आणखी एक धोका आहे. डेंग्यूचा डास अशाच साचलेल्या पाण्यात अंडी घालतो आणि आठ-दहा दिवसांत नवे डास बाहेर येतात. ही अंडी कोरड्या जागीही काही महिने टिकतात. आपण पिंपं झाकतो, कुंड्यांच्या थाळ्या रिकाम्या करतो आणि डोक्यावरच्या पन्हळीकडे लक्ष जात नाही.

वर कोणी चढायचं, हा सर्वांत महत्त्वाचा मुद्दा. आमच्या अंगणाच्या बाजूच्या पन्हळी मी आणि माझी मुलगी मिळून साफ करतो. एकीने शिडीवर, दुसरीने शिडी धरून खाली. पहिल्या वर्षी गल्लीतल्या एकदोघींनी "मास्तरीणबाई शिडीवर!" म्हणून पाहिलं, पुढच्या वर्षी त्याच आमची शिडी मागायला आल्या. पण शिडीवर उभं राहून हात पोचतो तेवढंच काम आपलं. कौलांवर पाय ठेवायचा असेल तर ते कसबी माणसाचंच काम. कौल कुठे पाय सोसतं आणि कुठे नाही, हे त्यांना पावलानेच कळतं. एकटीने कधी चढू नये. ओल्या छपरावर तर कुणीच जाऊ नये. ॲल्युमिनियमची शिडी खांबावरून घरात येणाऱ्या विजेच्या वायरीजवळ लावू नये. आणि हलका आहे म्हणून चौदा-पंधरा वर्षांच्या मुलाला वर पाठवू नये. शिक्षिका म्हणून हे मी हात जोडून सांगते.

शाकारणी करणारी माणसं आता कमी झाली आहेत. चाचांचा मुलगा रिक्षा चालवतो. 3 जून 2020 ला निसर्ग चक्रीवादळ आमच्याच श्रीवर्धनच्या किनाऱ्यावर आलं आणि कौलं पाचोळ्यासारखी उडाली. त्यानंतर बऱ्याच घरांवर पत्रे आले. पत्र्याला शाकारणी लागत नाही, म्हणून लोकांना वाटतं की छपराचं काम कायमचं मिटलं. पण पत्र्यावरून पाणी जास्त वेगाने येतं आणि पन्हळ तुंबली तर ते दुप्पट जोराने ओसंडतं. कौलं असताना निदान मे महिन्यात कुणीतरी वर जात तरी होतं. म्हणून जे मिस्त्री अजून आहेत त्यांना एप्रिलमध्येच सांगून ठेवावं, आणि त्यांच्या मेहनतीचे पैसे देताना घासाघीस करू नये.

मुंबई, भिवंडी, मुंब्रा, पुण्याच्या इमारतींत राहणाऱ्या वाचकांना वाटेल की आम्हाला पन्हळ नाहीच. पण गच्चीवर पाणी जायची तोंडं असतात. त्यावर प्लॅस्टिकच्या पिशव्या, कबुतरांची पिसं, कुणीतरी वाळत घातलेल्या पापडाचा कागद अडकलेला असतो. पाणी गच्चीवर तळं करून राहतं, स्लॅबमध्ये मुरतं, आतली सळई गंजून फुगते आणि वरच्या मजल्यावरच्या घराच्या छताचे पोपडे गळू लागतात. तिथेही प्रश्न तोच. गच्ची सगळ्यांची, म्हणून कुणाचीच नाही. सोसायटीच्या बैठकीत एक नाव आणि एक तारीख लिहून घेतली तर निम्मं काम तिथेच होतं.

पाणी कुणाचं नाव विचारत नाही. त्याला वाट दिली तर जातं, नाही दिली तर स्वतः शोधतं. बंद घराचा मालक दूर असतो, पण त्याच्या छपराचं पाणी गावातच पडतं आणि कुणाच्या तरी भिंतीत उतरतं. म्हणून कुलूप लावून परदेशी जाणाऱ्या प्रत्येक भावाने किल्लीबरोबर शेजाऱ्याला दोन गोष्टी द्याव्यात. मिस्त्रीचा नंबर आणि "खर्च माझा" हा शब्द.

या वर्षी सम साल आहे, पाळी आमची. चाचांना एप्रिलच्या पहिल्या आठवड्यातच सांगून ठेवलं आहे, आंब्याच्या फांद्या छाटून झाल्या आहेत. आता फक्त एक काम राहिलं आहे. ज्यांच्या घरी अजून कुणी शिडी लावलेली नाही त्यांनी हा अंक बाजूला ठेवावा, बाहेर येऊन आपल्या वळचणीकडे एकदा वर पाहावं आणि वर कोण जाणार त्याचं नाव आजच ठरवावं.